टोकावरचा खडा

गुजरीत जिन्याखाली माझं टेबल.
दिवा, भिंग, काटा,
आणि पेनाएवढं एक यंत्र.
टोक हिऱ्याला टेकलं तर वाजतं,
नाहीतर गप्प.
वाजलेलं लोक विसरतात.
गप्प राहिलेलं जन्मभर सांगत बसतात.

काल मुरगूडहून हौसाक्का आल्या.
पदराची गाठ दातानं सोडली,
आत नथीतून निखळलेला खडा.
"आत्यासासूचा हाय. हिराय.
इकायचा न्हाई, नुसतं सांगा."

मी आधी फुंकर घालते.
हिऱ्यावर श्वासाची वाफ टिकत नाही,
ऊब आली की तो लगेच पुढं देऊन मोकळा,
उसनं ठेवत नाही कुणाचं.
त्यांच्या खड्यावर मात्र वाफ बसली
आणि सावकाश, जिवावर आल्यासारखी, उतरली.
यंत्र टेकवलं.
बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता,
तेवढाच आवाज.

"मग खरा असतोय तरी कसला?"

कसला सांगू.
काकू, इथून कराड, आणि कराडापुढं पुन्हा तेवढंच,
पण आडवं नाही, सरळ खाली. तिथं होतो तो.
कोळशाचा होतो म्हणतात ते खरं नाही,
कोळसा व्हायला आधी झाड लागतं
आणि बरेचसे हिरे पहिल्या झाडाहून म्हातारे.
शंभर कोटी वर्षांचे. तीनशे कोटींचेसुद्धा.
मग कधीतरी जमिनीला उचकी लागते
आणि वितळल्या दगडाबरोबर तो वर येतो.
पाणी त्याला चिकटत नाही, तूप चिकटतं;
खाणीत ग्रीस फासून धरतात त्याला,
गुळाला मुंगळा धरावा तसं.
पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम.
पोराच्या पेन्सिलीत जे असतं तेच त्याच्यात,
फक्त हात धरायची पद्धत वेगळी.

हौसाक्का म्हणाल्या, "बघितलाईस का कवा मोठा?"

मी खालचा खण ओढला.
आण्णा एकतीस वर्षं उद्यमनगरात होते,
मुल्लाणींच्या शेडमध्ये, ग्राइंडरवर.
चाक घासून घासून गुळगुळीत झालं
की ते म्हणायचे, दगड आंधळा झाला,
आणि डबीतून ही सळई काढायचे.
वीतभर लोखंड, टोकाला खडा,
शेंगेच्या टरफलासारखा तपकिरी.
फिरत्या चाकावरून एकदा अलगद नेला
की चाकाला पुन्हा तोंड फुटायचं.
"तापल्या लोखंडाला लावू नये ह्याला," ते सांगायचे,
"लोखंड खातं. आणि हातोडीखाली तर
भुगाच. कठीण हाय, चिवट न्हाई."
आईच्या गळ्यातला साज मुलाम्याचा.
घरात हिरा आहे हे तिला
आण्णा रिटायर झाले तेव्हा कळलं.
तिनं सळई हातात घेतली, वजन बघितलं,
म्हणाली, ह्यानं नारळ फुटंल का?

मी यंत्र सळईच्या टोकाला लावलं.
ते इतकं मोठ्यानं किंचाळलं
की समोरचे ओसवाल चहा घेताना वळले.

हौसाक्कांनी बोट लावलं. पुन्हा लावलं.
"ह्यो?"
आणि हसल्या, तोंडाला पदर न लावता.
मग आपला खडा उचलला,
डोळ्यांजवळ नेला, दिव्याकडं धरला.
तो चमकलाच. काच असली तरी
दिव्याला काय त्याचं.

"आत्यासासू खोटं बोलली न्हाई," त्या म्हणाल्या,
"तिला कुणीतरी खोटं सांगितलं."

पदराला गाठ मारली.
आधी होती त्याहून घट्ट.
फी विचारली, मी नको म्हणाले,
तरी वीसची नोट काट्यावर ठेवून गेल्या
आणि काटा थोडा हलला.

सळई अजून टेबलावर आहे.
कूलंटचा वास येतो तिला, आंबूस,
आण्णांच्या शर्टांना यायचा तो.
किती वेळा पुसली.