विकणे आहे

मॉरिस एट. सन एकोणीसशे सदतीस. उघड्या टपाची.
एवढं लिहून भाचीनं पेन थांबवलं.
मामा, पुढे सांगा.

पुढे काय सांगू.
लढाईच्या आधीची आहे, हे घाल.
कुठल्या लढाईच्या, असं विचारतील.
लिही, देवळालीच्या माळावर
तंबू मोजता येईनात, त्या लढाईच्या.

मला दिसली तेव्हा लॅम रोडला
एका बंद सॅनिटोरियमच्या पाठीमागे
रामफळाखाली उभी होती,
स्टिअरिंगला वेल, आणि मागच्या सीटवर
खुडूक कोंबडी, अकरा अंडी.
रखवालदार म्हणाला, हिला उठवू नका.
एकवीस दिवस थांबलो.
मग टेम्पो आणला.

चौतीस वर्षं ओझरला विमानांचा पत्रा ठोकला मी.
तिथे केसाएवढं चुकलं की तुकडा भंगारात.
हिच्याशी तसं चालेना.
टिचकी मारायची, ऐकायचं,
हातोडी ठेवून चहा प्यायचा,
पुन्हा टिचकी.

मडगार्डची गोलाई माझ्याच्यानं साधली नाही, कबूल.
तांबट आळीत नेली. मुरलीधरनं मांडी घातली
आणि घागरीचा बुडखा बडवावा तशी बडवली.
पैसे मोजून घेत म्हणाला,
पाणी भरून बघा. थेंब गळणार नाही.

टप इसाकभाईंचा, वडाळा नाक्याचे.
हयातभर टांग्यांचे टप शिवले त्यांनी;
टांगे गेले, दाभण राहिला.
चष्मा पुसून त्यांनी गाडीला एक फेरी मारली,
म्हणाले, जनावर कुठंय?
म्हटलं, आत. आठ हॉर्सपॉवर.
आठ? मग दोरा दुहेरी घालतो.

मामा, शब्दाला पैसे पडतात, भाची म्हणाली.

बरं, मग कमी कर.
पुढची काच बोनेटवर पालथी पडते.
वळताना दाराजवळून केशरी हात निघतो,
उजवा लगेच, डावा जरा विचार करून.
तीन गिअर. हँडल मारायला माणूस लागेल.
थंडीत चोक ओढून तिला दोन शब्द बोलावे लागतात,
हे लिहू नको.

परवा एक जण आला होता गंगापूर रोडचा,
द्राक्षमळा, वाईनचा कारखाना, स्वच्छ बूट.
फाटकाशी उभी करणार म्हणाला,
लोक बसतील, फोटो काढतील.
चालवणार कोण, मी विचारलं.
तो हसला. चालवायची कशाला?
भाव मी मागितला त्याहून वीस हजार वर देत होता.
इंदुमती दारात येऊन खुणावत होती, घ्या,
पत्र्याच्या शेडमध्ये मला धुणं वाळत घालता येईल.
मी म्हटलं, गाडी बोलली आहे दुसऱ्याला.
हे खोटं बोललो. म्हणून ही जाहिरात.

कारण? कारण लिही, गुडघा.
क्लच दाबला की डावा गुडघा
आडगावपर्यंत ऐकू येतो.

अजून एक राहिलं.
मागच्या सीटशेजारी, डाव्या पत्र्याला,
आतून बाहेर आलेला पोचा आहे.
बोटभर. बुटाच्या टाचेच्या उंचीवर.
एका लाथेचं काम नाही ते.
कोणीतरी लहान, ज्याचे पाय खाली पोचत नव्हते,
वाऱ्यात केस सोडून
महिनेच्या महिने पाय हलवत बसलं होतं तिथे.
कुणाचं पोर, गोरं की आपलं, कोण सांगणार.
हातोडी घेऊन सात वेळा वाकलो.
रंग त्याच्यावरूनच मारला,
ऊन तिरपं झालं की दिसतो.

भाचीनं पेनचं टोपण लावलं होतं, पुन्हा काढलं.

लिही.
टायर नवे. कागद पूर्ण.
गाडी बघायला सकाळी सातच्या आत यावे, सोबत लहान मूल आणावे.
किंमत बोलून ठरवू.
पोचा काढायचा नाही.