तेर साती

मे महिन्यात होस्टेलच्या जिन्यावर
आपल्याच चपला मागून चालत येतात.
तीन मजल्यांत आम्ही पाच जणी.
मेसला कुलूप,
आणि बंद कूलरवर एक साळुंकी
मालकीणबाईसारखी.

नापास झाले ते घरी सांगितलं तेव्हा
आई अंगणात काजूच्या बिया पसरत होती.
म्हणाली, म्हणजे यंदा सुट्टीच नाही व्हय?
एवढंच.
मग फडक्यात बांधून दिले ओले काजूगर,
जांबोटीच्या स्टँडवर,
बस सुटता सुटता खिडकीतून.
चिकानं सोललेली तिची बोटं
मी बघितली नाहीत असं दाखवलं.

वर्ग साडेआठला.
उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आमच्या आधी उठलेल्या,
त्यांची धडधड बाकाच्या फळीतून कोपरात येते.
चौसष्ट जणांच्या खोलीत आता सात:
मेहजबीन, जी पेपरच्या दिवशी
बहिणीला घेऊन सिव्हिलला गेली होती,
कडोलीचा सुहास, ज्याचा हा दुसरा उन्हाळा,
बैलहोंगलची जुळी भावंडं,
अडकली तीही एकाच प्रश्नाला.
बाकीचे दोघे बोलत नाहीत.
आणि मी.

इटगी सरांची सेमिस्टरभर फक्त पाठ ओळखीची होती.
आता त्यांनी माइक ठेवून दिलाय.
पहिल्या बाकावर बसतात, आमच्याकडे तोंड करून,
डब्यातला चुरमुऱ्याचा चिवडा पुढं सरकवतात,
विचारतात, जांबोटीची शेवटची बस कितीला?
एवढ्या महिन्यांत
मी जांबोटीची आहे हे त्यांना कुणी सांगितलं
कुणास ठाऊक.

फळ्यावर एक आडवी रेघ.
एक टोक भिंतीत पक्कं, दुसरं हवेत.
हवेतल्या टोकाला वजन.
सांगा, मोडायची भीती सगळ्यात जास्त कुठं?
टोकाला, मी म्हणाले.
पेपरातही हेच लिहिलं होतं.
सर रागावले नाहीत.
म्हणाले, नाही. जिथं धरलंय तिथं.

लाइट गेली.
पंखा हळूहळू थांबला, घाम लगेच आला.
वजन तेरा, लांबी सात,
कॅल्क्युलेटर नको, तोंडानं करा, म्हणाले,
आणि स्वतःच फळ्याकडे वळून
पुटपुटले,
तेर साती एक्क्याण्णव.

खडू तिथंच थांबला.
सेमिस्टरभर इंग्रजी, अडलं तर कन्नड,
आणि हे कुठून आलं
ते त्यांनाही कळलं नसावं.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
निपाणीला होतो, म्हणाले, चौथीपर्यंत.
नंतर वडलांची बदली झाली.

मागच्या बाकावरून जुळ्यांनी एकदम म्हटलं,
हदिमूर एळ्ल तोंबत्तोंदु.
मेहजबीननं बोटांच्या पेरांवर उर्दूत मोजून मान हलवली.
सुहासचं एक्क्याऐंशी आलं.
त्यावर मात्र सगळे हसलो,
न बोलणारे दोघेही.

संध्याकाळी गेटवर गंगव्वा विचारते,
ऊटा आतेनवा?
मी म्हणते, आतरी.
जेवण झालेलं नसतं.
खानावळ आठला उघडते,
तिथली भाकरी गरम असते, पण चौघी येईपर्यंत
तव्यावर टाकत नाहीत.

फोनवर आई सांगते,
तुझ्या वाटणीची दोन झाडं ठेवलीत गा पोरी, वेचायची.
खोटं.
काजू कुणासाठी थांबत नाही,
बोंडू पिकला की पडतो,
आणि दुसऱ्या दिवशी माशा.

रात्री खोलीत उकडतं.
स्टीलचा डबा पाण्यानं भरून घेतला,
भिंतीला पाठ लावली,
हात सरळ समोर धरला, डबा टोकाला,
आणि मोजत राहिले.
बोटांना काही झालं नाही. मनगटालाही नाही.
दुखायला लागलं ते खांद्यात,
जिथं हात मला लागलेला आहे.

एकोणचाळीसला डबा पडला.
फरशीभर पाणी,
खालून गंगव्वाची हाक.
पुसता पुसता आठवलं,
आकडे कुठल्या भाषेत म्हणत होते
ते बघायचं राहिलं.