उचकी

रात्री दीडला हुमैदचा फोन:
"दिवे श्वास घेतायत."
त्याच्या अरबीतलं मी तसंच ठेवलंय.
आमच्या गल्लीत कुणी म्हणालं असतं, लाइट डोळे मारतीय.

रुवैसच्या अलीकडे, डांबर संपतं तिथं
चाळीस पत्र्याच्या खोल्या, एक मेस,
आणि अडीचशे केव्हीएचं पिवळं धूड.
सरकारी लाइन येणार आहे.
तीन वर्षं येणारच आहे.

गाडीचं दार उघडण्याआधीच ऐकू आलं:
चढ, उतार, चढ, उतार.
काटा अठ्ठेचाळीसवरून बावन्नला, पुन्हा खाली.
त्याच्या मागोमाग व्होल्टेज.
एसी कण्हत कण्हत बंद पडलेले
आणि दीडेकशे माणसं बनियनवर बाहेर,
ऑगस्टची दमट हवा पांघरून.
मेसमधला गंगाखेडचा विश्वंभर म्हणाला,
"ह्याला उचकी लागलीय बघा.
कोण आठवण काढतंय एवढ्या रात्री?"

गुलजमानचा स्क्रू-ड्रायव्हर
गव्हर्नरच्या स्क्रूवर टेकलेला.
थांब, म्हटलं.
फिरवायला अक्कल लागत नाही.

बाबालाल जॉबरनं इचलकरंजीत
लूमच्या खडखडाटात, माझ्या कानात ओरडून
एवढंच शिकवलं होतं:
एकेकाला निर्दोष सोडत जा. उरेल तो चोर.

लोड काढला. कॅम्प काळाठिक्कर,
चार भाषांत माझा उद्धार.
इंजिन तसंच हेलकावतंय.
एसी सुटले.

एव्हीआरचा फ्यूज उपसला.
व्होल्टेज झोपलं, हेलकावा जागाच.
म्हणजे अल्टरनेटरही सुटला, बिचारा
नुसता वेगाच्या मागे फरफटत होता.

बंद करून पिकअप काढला.
टोकाला मिशीभर लोखंडी कीस.
मला वाटलं, सापडला!
पुसला, बसवला, चालू केलं.
चढ, उतार.
गुलजमाननं माझ्याकडे बघितलं नाही,
हे त्याचे उपकार.

मग फिल्टर. नवा घातला.
मग लिंकेज बोटांत धरून हलवलं, ढिलं नाही.
अडीच वाजले. घाम डोळ्यांत.
आणि हुमैद सहज बोलल्यासारखा बोलला:
दिवसा काही होत नाही रे याला.
दुपारी टँकर येतो, त्यानंतर तर अगदी शहाणं असतं.

टाकी.
भरलेली असते तेव्हा डिझेल आपणहून उतरतं.
पातळी पंपाच्या खाली गेली
की ओढून घ्यावं लागतं,
आणि ओढणाऱ्याच्या ओठात फट असेल
तर घोटाबरोबर वारा येणार.

पारदर्शक नळी जोडली, बॅटरी मारली.
एकामागून एक चालले होते बुडबुडे,
साबुदाण्याच्या दाण्याएवढे,
कुणाची परवानगी न घेता.

बॅन्जो बोल्टखालचा तांब्याचा वायसर.
केसाएवढी चीर. किंमत दोन दिरहम,
दुकान दोनशे किलोमीटरवर, शुक्रवार.

मेलेल्या पंपाचे दोन काढले, जुने, कडक.
विश्वंभरनं शेगडी पेटवली.
उद्याच्या डाळीच्या जागी
दोन तांब्याच्या चकत्या लाल केल्या,
पाण्यात टाकल्या. चुर्र.
तांबं असं मऊ होतं, तापून, एकदम भिजून.
आमच्यातले काही नाही होत.

बसवले. हातपंपानं हवा काढली,
अंगठा सुजेपर्यंत.
चालू.

पन्नास.
पन्नास.
पन्नास.

एकेक खोली लोडवर घेतली.
काटा जरासा वाकला, उभा राहिला.
टाकी अजून तळाशीच, म्हणून हे खरं.
दुपारी भरल्या टाकीवर कोणीही वैद्य ठरतो.

माणसं आत गेली. कुणी आभार मानले नाहीत,
झोपायला दीड तास उरला होता.
वहीत लिहिलं: तीन चाळीस. हवा.
विश्वंभरनं चिरलेला वायसर उजेडासमोर धरला,
त्यातून एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं,
म्हणाला, "हा होय,"
आणि डाळ निवडायला बसला.