धुरी

मालकांनी लंडनहून आणली तेव्हा
ती बाटली कापसात होती, अंड्यासारखी.
सायप्रसच्या कुठल्याशा थडग्यातली, म्हणाले,
रोमन बाईच्या उशाशी ठेवलेली.
वीतभरही नाही. मान जराशी वाकडी.
आणि अंगभर मोरपीस, तेलाचा तवंग,
कबुतराच्या गळ्यावर फिरतं ते हिरवं-जांभळं.

एझ्रा रेबोल्डने नख लावून पाहिलं.
पापुद्रा सुटला, नखाला चिकटला.
"हा रंग नव्हे मालक, ही सड आहे.
मातीने खाल्लीय काच."
मालक म्हणाले, "खाल्लेलीच हवी.
गिऱ्हाईक थांबलंय."

मग आम्ही दोन हजार वर्षं
चहा निवेपर्यंत उरकायला शिकलो.
काळपट हिरवी काच फुंकायची, दोन कान जोडायचे,
लाल आहे तोवर विटांच्या कपाटात धरायची,
तापल्या तव्यावर चिमूटभर कथिलाचं मीठ
आणि दार बंद.

धुरी एझ्रा द्यायचा. तोंडाला बायकोचा ओला रुमाल.
मी दहा वर्षांचा, वाहून नेणारा पोऱ्या,
लांब काट्यावर भांडं तोलत
निववायच्या भट्टीकडे पळायचो.
आत्ताच जन्मलेलं, अजून चटके देणारं,
आणि दिसायचं मात्र
कुणीतरी पुरून विसरलेलं.
शनिवारपर्यंत चाळीस थडगी
पेंढ्यात बांधून कालव्याच्या होडीत चढायची.

खोकला दुसऱ्या हिवाळ्यात लागला.
डॉक्टर म्हणाला, स्टाउर नदीची ओल.
बायको काहीच बोलली नाही. रुमाल दाखवला फक्त.
त्याची कड पत्र्यासारखी वाजत होती.

शेवटी शेवटी तो ती खरी बाटली बघायला मागायचा.
मालकांनी एकदा पाठवली, नोकराबरोबर,
पंधरा मिनिटांसाठी.
त्याने ती कानाला लावली.
"काय ऐकू येतं?" मी विचारलं.
"काही नाही. घाई नाही हिला."

अँबलकोटच्या चिकण मातीत पुरला त्याला.
तिच्याच मुशी करतो आम्ही.
कुणाचं लक्ष नाहीसं बघून
कडेला मी एक साधी बाटली दडपली,
धुरी न दिलेली.

आता माझेही दात गेले.
दर ईस्टरला बोटांनी उकरून बघतो.
पाण्यासारखी स्वच्छ, अजून.
पुसतो, परत ठेवतो.
पाद्री रागावतो, म्हणतो
मेलेल्यांना झोपू द्या.

मी कुठे उठवतोय?
नुसता रंग बघतोय.