मंजूर

अल-हमराच्या वर, घाटरस्ता संपतो तिथे
आमची शेड आहे, पत्र्याची, चुन्यासारखी पांढरी.
आत एक दुर्बीण, जपानहून वापरून आलेली,
आणि तिच्या डोळ्याशी बसवायचं यंत्र
अजून कागदावरच.

यंत्राचं काम : उजेडाची वीण उसवायची,
कुठला धागा कुठल्या धातूचा ते वाचायचं.
अर्जात मी असंच लिहिलं होतं.
झुवैनाबाईंनी खोडलं.
म्हणाल्या, मंत्रालयाला वीण नको, आकडे दे.

घ्या आकडे.
जाळी, मिलिमीटरला बाराशे रेघा : नऊ हजार रियाल.
भिंगं सहा, त्यातलं एक राखीव.
शोधकाला उणे नव्वदवर ठेवणारा पंप.
घसारा पाच वर्षांचा.
मग एक रकाना, लाभार्थी किती.
साडेअकरापर्यंत मी त्याच्यासमोर बसून होते.
आधी लिहिलं, तीन.
मग, सगळे.
मग बाईंचा फोन आला : छत्तीस विद्यार्थी, आणि झोप आता.

पहिल्या वर्षी उत्तर दोन ओळींचं आलं.
स्थानिक उपयोग स्पष्ट होत नाही.

त्याच आठवड्यात खलफान वर आले, खजूर घेऊन.
गावच्या फलजचे जुने पाणीवाटपे.
विचारलं, हे काय करणार? सांगितलं.
ते म्हणाले, मग आम्ही काय करत होतो?
हा तारा त्या भिंतीवरून वर आला
की पाणी मशिदीच्या बागेला,
पुढचा आला की हमूदच्या खजुरांना.
मधला वेळ म्हणजे एक अथर.
अथर म्हणजे खूण. मागे उरतं ते.

असर, मी मनात म्हटलं.
अर्जातला बाविसावा रकाना : अपेक्षित असर.

भावडूमामा पांझरेवर पाटकरी होते.
मनगटाला एचएमटी, किल्ली रोज भरलेली,
तरी बारी बदलायच्या आधी
फावडं टेकवून वर बघायचे.
कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी स्थानिक उपयोगात मी लिहिलं :
या गावात आकाश आधीपासूनच
पाटबंधारे खात्यात नोकरीला आहे.
ही ओळ बाईंनी खोडली नाही.
मुदत ऑगस्टअखेर. पहाटे दक्षिणेला सुहैल,
म्हणजे आपला अगस्ती, खडकावर आला
तेव्हा मी सही घेऊन निझवाला निघाले होते.

जानेवारीत पत्र. दोन तृतीयांश रक्कम.
पंपाची ओळ पूर्ण कापलेली,
बहुधा कुणाला वाटलं असेल, एसी मागताहेत.
मी साक्रीला फोनवर ओरडले : मंजूर! मंजूर झालं!
मागे बाई हसायला लागल्या.
मंजूर? कोणी पाहिलं?
कारण त्यांच्यात मंजूर म्हणजे पाहिलेलं,
नजरेला पडलेलं, एवढंच.
आणि शेडमधली ती जपानी? मिंजार. त्याच घरातली.

मला आठवले वडिलांचे रजेचे अर्ज,
ट्रंकेत, तारखेवार लावलेले,
प्रत्येकावर तिरका निळा शिक्का, नामंजूर.
चौदा होते. कोणी वाचलेच नसतील.

पंपाचं थंकचनने जमवलं,
मासळीबाजारातल्या जुन्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर.
उणे बावन्नपर्यंत जातो, मग थरथरतो.
वास येतो थोडा.

डिसेंबरच्या एका रात्री पहिला तारा धरला, रोहिणी.
पडद्यावर लाल पट्टी, ठिपक्यांनी भरलेली,
आणि तिच्यात सोडियमच्या दोन काळ्या रेघा,
अगदी जवळजवळ, दारं ओढून घेतल्यासारख्या.
विनियोग अहवालाला फोटो जोडायचा होता.
याहून चांगला येणार नव्हता. जोडला.

खलफान चष्मा कपाळावर सरकवून वाकले.
कोण हा?
दबरान, बाई म्हणाल्या.
ते बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, याच्यावर हमूदने
माझं अर्धं अथर पाणी जास्त घेतलं होतं,
पुलाच्या वर्षी.
यात दिसेल का ते?