शून्य

हर्णैला होडी वाळूला टेकत नाही.
छातीभर पाण्यात थांबते,
बैलगाडी आत जाते म्हावरं घ्यायला.
टेकली, तर तळ जातो.

मी वर, बर्फाच्या कारखान्याशेजारच्या खोलीत.
लिलावाचा जुना काटा सी भाषेत,
तो हाक मारतो माझ्या रस्टला.
परवा माझ्याकडचा एक पॅनिक
तसाच घुसला त्याच्या हद्दीत,
आणि काटा, पावती, पहाटेचा हिशोब
जागच्या जागी मेला.

आता तो मी अलीकडेच झेलते.
पलीकडे जातो नुसता आकडा.
उणे एक: सेन्सर बंद.
उणे चार: वजन वाचता येईना.
कारण हवं तर वेगळं मागायचं,
वाचून झालं की मला परत;
ज्याची पाटी त्यानेच धुवायची,
हे यमनाबाय पावशीला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबा मागे उभे. चाळीस वर्षं तांडेल.
"नि सगळं बरं असलं तर?"
शून्य, म्हटलं.
"शून्य आणलं तर तुझी आय
दारातूनच परत लावायची मला."

मग खिडकीशी गेले,
बाहेरच्या होडीला हात दाखवला:
बंद मूठ.
तिकडूनही मूठच आली.
बाबा निवांत खाली बसले.