सात सेंटीमीटर

सोहार बंदराच्या कचेरीत
माझ्या टेबलाला खिडकी नाही.
भरती-ओहोटी मी आकड्यांत बघते.

लायब्ररी दिगंबर केळुसकरांची.
सहा वर्षं होते इथं, मग व्हिसा संपला, गेले.
मला भेटले ते फक्त कोडमधून:
अकरा हजार ओळी, अठ्ठ्याण्णव सालच्या सी प्लस प्लसच्या,
एकही ओळ ऐंशी अक्षरांपलीकडे नाही.
वहीचा समास पाळणारा माणूस.

नवा कंपायलर ते सगळं वाचून
चारशे बारा वॉर्निंगा देतो.
साहेब म्हणाले, ईदच्या आत नव्या चालीचं करून टाक.

आधी मोकळे पॉइंटर.
केळुसकर जागा मागून घेत
आणि परत देताना आतून शून्यांनी पुसून देत,
शेजारचं भांडं घासून द्यावं तशी.
दोनच ठिकाणी विसरले.
तिथून वीस वर्षं थेंब थेंब गळत राहिलं,
म्हणून दर गुरुवारी रात्री सर्व्हर बंद करून चालू करायचा
अशी इथली रीत. कारण कुणालाच ठाऊक नाही.
आता पॉइंटरला एकच मालक असतो.
मालक संपला की जागा आपोआप सुटते.
(माझ्या रेसिडेंट कार्डावरही एक मालक आहे.
त्याबद्दल मी इथं काही म्हणत नाही.)

मापक गप्प बसला की ते लिहीत
उणे नऊशे नव्व्याण्णव.
एवढी ओहोटी लागली असती
तर आम्ही इराणला चालत गेलो असतो.
आता त्यासाठी वेगळा प्रकार आहे: असेलही, नसेलही.
पाणी शून्य आहे हे निराळं,
पाण्याचं काही कळलंच नाही हे निराळं.
भाषेला सुचायला इतकी वर्षं लागली.
मी घरच्या फोनवर अजून दोन्हींना
‘बरं चाललंय’ म्हणते.

एका फंक्शनचं नाव उधाण, दुसऱ्याचं भांग.
लखनौचा इर्तिज़ा खुर्चीतून पडायचा बाकी,
‘बंदराच्या कोडमध्ये भांग?’
त्याला समजावलं, अष्टमीचं पाणी,
धड चढत नाही, धड उतरत नाही.
नावं मी तशीच ठेवली.

मग ती ओळ.
पाण्यात सात मिळवलेले, उगाच, भर रस्त्यात.
शेजारी रोमन लिपीत मराठी:
इथे हात लावू नये. दि. के.

मी हात लावला.
सगळ्या चाचण्या हिरव्या. कारण चाचण्याही माझ्याच.

दुसऱ्या दिवशी पायलट खमीस अल-बलूशी जिना चढून आला,
टोपी टेबलावर ठेवली, बंदरी हिंदीत म्हणाला,
पाणी खोटं बोलतंय.
त्यानंच सांगितलं. मोठ्या वादळात
तिसऱ्या जेट्टीचा खांब कलला, मापक त्याच्यावर.
सरळ करायला पैसे मंजूर होईनात.
तुझ्या गाववाल्यानं दोरीला शिसं बांधलं
आणि तीन रात्री धक्क्यावर बसून
हातानं मोजलं.

तीन आठवडे मी त्या माणसाला नावं ठेवत होते.
आज त्याच्या साताला नाव ठेवलं:
कललेला_खांब.
कंपाइल होतानाच ठरणारा, पुढे न बदलणारा.
‘हात लावू नये’ पुसलं,
का लावू नये ते लिहिलं, चार ओळींत.
खाली दि. के. राहू दिलं.

गुरुवारी रात्री पाळीवरचा माणूस
सवयीनं बटणाकडे गेला.
म्हटलं, नको. बघू या.

सकाळी कागदी कपातला करक घेऊन
पहिल्यांदाच तिसऱ्या जेट्टीपर्यंत चालत गेले.
वारा गरम, रिफायनरीचा वास,
खांबावर शंख-शिंपल्यांची खरखरीत पुटं,
आणि तो खरंच कललेला.
मी मान जराशी वाकडी केली.